भिंतीप्रमाणे वायरिंग, जमिनीप्रमाणे अर्थिंग

कोकणातल्या वायरमनच्या पिशवीत पितळी स्क्रू असतात आणि ग्रीसची एक डबी. विदर्भातला वायरमन उन्हाळा लागला की कूलरचा पंप आणि दोन-चार कपॅसिटर जवळ बाळगतो. पुण्याच्या पेठांमध्ये ज्यांच्या हाताखाली मी काम शिकलो, ते मिस्त्री रात्री घरी बसून लाकडी गट्टू तासत आणि सकाळी पिशवीत भरून आणत. पक्कड, टेस्टर, टेस्ट लॅम्प, टेप या गोष्टी सगळीकडे सारख्या. बाकीची पिशवी त्या त्या मुलखाची.

मी मूळचा चिपळूणचा. आयटीआयला वायरमन ट्रेड केला, पुण्यात उमेदवारी केली, मग एका ठेकेदाराबरोबर वर्धा-नागपूरकडे घरगुती फिटिंगची कामं केली आणि शेवटी कोकणात परतलो. पुस्तकात शिकलेलं वायरिंग एकच होतं. 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ, लाल-पिवळा-निळा फेज, काळा न्यूट्रल, हिरवा अर्थ. वायरिंगला आयएस 732, अर्थिंगला आयएस 3043. ही मानकं सगळ्या देशाला एकच आहेत आणि तशीच असायला हवीत. पण घर उभं राहतं ते तिथल्या दगडात आणि तिथल्या हवेत. एका गावात चांगलं ठरलेलं काम दुसऱ्या गावात पहिल्याच पावसात उघडं पडतं, हे मी तिन्ही ठिकाणी पाहिलं.

आमच्याकडची भिंत चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची. जांभा खाणीतून निघतो तेव्हा कुऱ्हाडीने तासता येईल इतका मऊ असतो, हवा लागली की घट्ट होतो. जुन्या भिंतीचा वरचा थर कडक आणि आत भोकंच भोकं. छन्नीने झिरी मारायला गेलं तर दोन बोटांच्या जागी तळहाताएवढी खपली निघते. ड्रिल घातलं तर भोक वेडंवाकडं होतं, प्लग फिरत राहतो आणि स्क्रू धरत नाही. शिवाय पावसाळ्यात हा दगड पाणी पितो. तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही नैऋत्येकडून झोडपत येणारा. त्या बाजूच्या भिंतीत गाडलेला पाईप आतून ओला होतो आणि बोर्डाच्या पेटीत पाण्याचे थेंब जमतात. म्हणून आमच्याकडचे जुने वायरमन भिंतीला शक्यतो हात लावत नसत. वायर न्यायची ती लाकडावरून. तुळईवरून, वाशांवरून, दाराच्या चौकटीवरून, सागाच्या पट्टीवर लिंक क्लिपा मारून. बोर्ड घ्यायचा तो मधल्या भिंतीवर किंवा चौकटीला लागून. पावसाच्या तोंडावरच्या भिंतीवर कधीच नाही.

कौलारू छपराचं तंत्र आणखी वेगळं. माकडांनी एक कौल सरकवलं की पाण्याची धार थेट वाशावर आणि वाशावरून वायरीवर. वायर वरून सरळ होल्डरमध्ये उतरवली असेल तर पाणी तिच्याच अंगाने आत शिरतं. त्यासाठी वायर आधी खाली सोडायची, तिला एक झोळ द्यायचा आणि खालून वर होल्डरमध्ये घ्यायची. पाणी झोळाच्या टोकाशी येऊन ठिबकतं आणि होल्डर कोरडा राहतो. हे मला आयटीआयत कोणी शिकवलं नव्हतं. आमच्या वाडीतल्या एका म्हाताऱ्या वायरमनने शिडीवर चढून दाखवलं होतं. खाऱ्या हवेने लोखंडी स्क्रू वर्षा-दोन वर्षांत गंजून फुगतो, त्याची खाच जाते, आणि पुढच्या माणसाला स्विच बदलायला अख्खा बोर्ड फोडावा लागतो. पितळी स्क्रू आणि ग्रीसची डबी ही त्यासाठी.

पुण्यातल्या वाड्यांत प्रश्न दुसरा होता. लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा, त्यात विटा आणि पांढऱ्या मातीचं भरण. मातीत खिळा बसत नाही, म्हणून भिंत कोरून त्यात गट्टू ठोकायचा, चुन्याने किंवा सिमेंटने धरायचा आणि त्यावर पट्टी. तिथे मी जुनं लाकडी केसिंग-कॅपिंग उघडलं. आत रबराच्या इन्सुलेशनवर सुती धाग्याचं वेष्टण असलेल्या वायरी होत्या. जागेवर असेपर्यंत धडधाकट. पण झाकण काढून बोट लावलं की रबराचा भुगा खाली पडायचा आणि तांबं उघडं. मिस्त्रींचा नियमच होता: अशी वायर हलवायची तर ती पूर्णच काढायची. अर्धी ठेवून पुढे जोड मारायचा नाही. ते वायरीची मापं अजून जुन्याच हिशोबात बोलत, तीन-बावीस, सात-वीस. म्हणजे बावीस गेजचे तीन पदर, वीस गेजचे सात. दुकानदाराकडे चौरस मिलिमीटरमध्ये मागायची आणि मिस्त्रींना तीन-बावीस म्हणून सांगायची, ही कसरत आम्हा पोरांना रोजची. काही घरांत मध्यंतरी टाकलेली ॲल्युमिनियमची वायर निघायची. तिचं टोक स्क्रूखाली दबून सैल होतं, सैल जोड तापतो, तापला की आणखी सैल होतो. स्विचच्या मागे करपलेला काळा डाग दिसला की आम्ही न विचारता तो सगळा पॉइंट उघडायचो.

मुंबईत मी फार काम केलं नाही. जे केलं त्यात काळ्या रंगाचे लोखंडी पाईप, जिन्याखालची मीटररूम आणि तिथून वर गेलेल्या मेन एवढंच ध्यानात राहिलं. पाईपच अर्थ म्हणून धरलेला, आणि खाऱ्या हवेने सॉकेट गंजून तो अर्थ मध्येच तुटलेला. मराठवाड्यातल्या माळवदाच्या घरांत छपरावर हातभर माती असते, तिथे छतात पाईप घालण्याचा प्रश्नच येत नाही. सगळं तुळयांच्या बगलेने न्यावं लागतं. स्लॅबचं घर आलं की मात्र कोकण काय आणि मराठवाडा काय, सगळीकडे एकच पद्धत. लोखंड बांधून झालं की पाईप आणि फॅनबॉक्स टाकायचे आणि काँक्रीट पडताना तिथे उभं राहायचं.

या स्लॅबच्या घरांमुळे कन्सील, म्हणजे भिंतीत गाडलेलं, फिटिंग आमच्याकडेही सर्रास झालं. दिसायला सुबक, त्यामुळे लोकांना तेच हवं असतं. 22 जुलै 2021ला वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळुणात शिरलं, बाजारपेठेतली तळमजल्याची घरं आणि दुकानं बुडाली. पाणी ओसरल्यावर आम्ही जी कामं केली, त्यात दोन्ही प्रकारची फिटिंगं शेजारी शेजारी पाहायला मिळाली. ज्यांच्याकडे भिंतीवरून प्लास्टिकची पट्टी गेली होती त्यांचं झाकण काढलं, गाळ धुतला, वायरी फडक्याने पुसून वाऱ्यावर सोडल्या, स्विच-सॉकेट नवे घातले, इन्सुलेशन मोजायचा मेगर लावला आणि माप बरं आलं की लाइट चालू केली. कन्सील घरांत पाईपच्या आत गाळ. वळणाशी तो बसून घट्ट झालेला, वायर ओढायची स्प्रिंग पुढे सरकेना. कंप्रेसरने हवा मारली तर काही पाईप मोकळे झाले, काही नाहीच. बाहेरून भिंत सुकली तरी आतल्या पाईपात ओल टिकून होती. जिथे एक मेगाओहमच्या वर इन्सुलेशन यायला हवं, तिथे काटा शून्याशी चिकटून बसायचा. अशा कितीतरी घरांत आम्ही शेवटी जुना पाईप तसाच सोडून वरून पट्टी मारली.

तेव्हापासून पुराच्या पट्ट्यातलं काम असेल तर मी घरमालकाशी आधी बोलतो. तळमजल्याची वायर जमिनीतून किंवा भिंतीच्या पायथ्याने न नेता छताकडून खाली उतरवायची, बोर्ड शक्य तितका उंच घ्यायचा, आणि तळमजल्याला स्वतंत्र एमसीबी (जादा प्रवाहाला आपोआप पडणारा खटका) ठेवायचा, म्हणजे खाली चिखल असतानाही वरच्या मजल्यावर दिवा लागतो. कृष्णा-पंचगंगेच्या काठच्या माणसांना हे मी सांगायची गरज नाही. त्यांनी 2005 आणि 2019चे दोन्ही पूर पाहिले आहेत.

इथपर्यंतचे फरक मला पटतात. भिंत वेगळी, पाऊस वेगळा, म्हणून हात वेगळा. पण एक फरक असा आहे की त्याला मी त्या गावची रीत म्हणून मान तुकवणार नाही. तो म्हणजे तिसरी, अर्थची तार न घालण्याचा.

वर्ध्याजवळच्या एका गावात उन्हाळ्यात मी एका घरी पंख्याचं काम करत होतो. खिडकीला पत्र्याचा कूलर. घरातल्या काकू बादलीने टाकीत पाणी ओतत होत्या आणि पायात आठवणीने प्लास्टिकची चप्पल होती. मी विचारलं तर म्हणाल्या, "बॉडीले हात लावला का करंट मारते ना भाऊ. चप्पल घालूनच पानी टाकतो आम्ही." घरातली लहान मुलं अनवाणी फिरत होती. मी कूलरची पिन काढून पाहिली. पंपाची वायर पत्र्याच्या कडेवरून आत गेली होती, तिथे रबराची बुशिंग नव्हती आणि धारेने तिचं इन्सुलेशन कापलं होतं. पिन दोनच दांड्यांची. सॉकेटचं वरचं मोठं भोक रिकामं, मागे त्याला तारच नाही. संपूर्ण घरात हिरवी वायर एकाही पाईपात नव्हती. ठेकेदाराने वायरचे पैसे वाचवले होते आणि टेस्ट रिपोर्टवर अर्थिंग असल्याची सही होती.

पाणी, पाण्यात बुडलेला पंप, पत्र्याची बॉडी, खाली ओली फरशी आणि 45 अंशांचं ऊन. विदर्भात कूलर ही चैन नाही, ती गरज आहे. दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं दगावल्याच्या बातम्या येतात आणि महावितरण दर उन्हाळ्यात आवाहन करतं: तीन पिनांचा प्लग वापरा, पाणी भरताना प्लग काढून ठेवा. आवाहन योग्यच आहे. पण ज्या सॉकेटच्या तिसऱ्या भोकात तारच नाही, तिथे तीन पिनांचा प्लग काय करणार? काही घरांत तर त्याहून वाईट पाहिलं. तिसऱ्या भोकात न्यूट्रलचाच तुकडा जोडलेला. टेस्ट लॅम्प लावला तर लख्ख पेटतो, मालक खूश. पण खांबावर किंवा मीटरपाशी न्यूट्रल तुटला, की घरातली सगळी पत्र्याची उपकरणं फेजवर येतात.

त्या घराला मी खड्डा घेऊन अर्थिंग करून दिलं. पण तेवढ्याने काकूंचा जीव सुरक्षित झाला असं मी म्हणणार नाही, आणि याचा हिशोब प्रत्येक घरमालकाला कळायला हवा. समजा तुमच्या खड्ड्याचा रोध 40 ओहम आहे. कूलरच्या बॉडीला फेज लागला तर 230 भागिले 40, म्हणजे जमिनीत पावणेसहा ॲम्पियरच्या आसपास प्रवाह जाईल. तुमचा एमसीबी 16 ॲम्पियरचा. घरात सर्रास बसतो तो सी प्रकारचा एमसीबी झटक्यात पडायला त्याच्या पाच ते दहा पट, म्हणजे 80 ते 160 ॲम्पियर लागतात. पावणेसहाला तो हलणारही नाही. बॉडी तशीच जिवंत राहील आणि अर्थिंग केलंय या भरवशावर माणूस चप्पल काढून हात लावेल. नुसत्या खड्ड्याच्या जोरावर एमसीबी खात्रीने झटक्यात पाडायचा तर एकूण रोध 1.4 ओहमच्या आसपास किंवा त्याहून कमी हवा. गावाकडच्या घराला तो मिळणं फार कठीण.

आणि इथे जमीन आडवी येते. वर्ध्याकडची काळी जमीन ओली असताना अर्थिंगला उत्तम. चिकण माती, पाणी धरून ठेवते. पण मे महिन्यात तीच आकसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात, माती पाईपापासून सुटते आणि पावसाळ्यात एक आकडी माप दाखवणारा खड्डा कितीतरी पटींनी वर जातो. म्हणजे नेमका कूलर रात्रंदिवस चालू असतो तेव्हा. कोकणात उलटं. आमचा जांभा पाणी पितो, पण धरून ठेवत नाही. एवढा पाऊस पडतो, पण खड्ड्यातलं मीठ पहिल्या दोन पावसाळ्यांत धुऊन जातं आणि कोळसा तेवढा राहतो. जांभ्याच्या कातळावरच्या घराला मी खड्डा घराजवळच घ्यायचा हट्ट धरत नाही. जिथे मोरीचं पाणी जातं, केळी लावलेल्या असतात, तिथपर्यंत अर्थची तार नेतो, कारण ती जागा बारमाही ओली. शक्य असेल तर कातळ फोडून खालच्या मऊ चिकण मातीपर्यंत पाईप उतरवतो. समुद्राजवळ गॅल्व्हनाइज्ड पाईप लवकर गंजतो, म्हणून तिथे तांब्याची पट्टी परवडत असेल तर तीच.

जमिनीशी खेळण्याचा आणखी एक प्रकार खेड्यांत चालतो आणि त्याची मला फार चीड आहे. न्यूट्रल गेला किंवा नीट येत नसला की अर्थच्या पाईपालाच न्यूट्रल करून दिवे-पंखे चालवायचे. दिवा मंद वाटला की खड्ड्यात बादलीभर पाणी ओतायचं. लोड चालू असेपर्यंत त्या पाईपाभोवतीची ओली जमीन विजेखाली असते. तिथेच गोठा असतो, जनावरांना शॉक आधी बसतो. गाईने पाणी प्यायचं सोडलं म्हणून मला बोलावलेलं आहे, आणि कारण निघालं शेजारच्याच्या अर्थिंगवर चालणारा पंखा.

या सगळ्या जमिनींना पुरून उरेल असं एकच उपकरण घरात बसवता येतं. 30 मिलिॲम्पियरचा आरसीसीबी. फेजने गेलेला प्रवाह न्यूट्रलने परत आला का, एवढंच तो सतत पाहतो. 30 मिलिॲम्पियर कुठे बाहेर गळला की तो पडतो. खड्डा 40 ओहमचा असो की 400चा, पत्र्याला फेज लागताच गळती 30 मिलिॲम्पियरच्या कितीतरी वर जाते आणि पुरवठा तुटतो. अर्थची तार मात्र हवीच. तार असेल तर बिघाड होताक्षणी पडतो, नसेल तर माणसाने हात लावल्यावर पडतो, आणि ती वेळ कशाला येऊ द्यायची? एका हाताने फेज आणि दुसऱ्याने न्यूट्रल धरला तर आरसीसीबी वाचवत नाही, हेही मी प्रत्येकाला सांगतो.

तरीही घराघरांत तो बसवलेला आणि बाजूला टाकलेला दिसतो. त्याचं कारण बहुतेक वेळा इन्व्हर्टर. लोडशेडिंगच्या काळात खेड्यापाड्यांत आणि लहान शहरांत इन्व्हर्टर आले. बसवणाऱ्याने इन्व्हर्टरचा फेज वेगळा नेला आणि न्यूट्रल मात्र घरभर एकच ठेवला. मग एका वाटेने गेलेला प्रवाह दुसऱ्या वाटेने परत येतो, आरसीसीबीला हिशोब जुळत नाही आणि तो पडत राहतो. घरचे वैतागतात. कोणीतरी येतो, आरसीसीबी काढतो आणि सरळ जोड देतो. दुखणं न्यूट्रलचं आणि कापला जातो पहारेकरी. इन्व्हर्टरच्या पॉइंटचा न्यूट्रल वेगळा काढायला थोडी वायर आणि एक दिवसाची मजुरी लागते. चिपळूण असो की हिंगणघाट, हे काम प्रत्येक घरात करता येतं, आणि मी इन्व्हर्टरच्या घरात शिरलो की आधी तेच पाहतो.

आखातात काम करून आलेले आमच्याकडचे पुष्कळ वायरमन आहेत. ते सांगतात की तिकडे लीकेजचं उपकरण आणि अर्थ तपासल्याशिवाय घराला लाइन देत नाहीत. नियम आपल्याकडेही आहेत, परवानाधारक ठेकेदार आहेत, टेस्ट रिपोर्टचा कागद आहे. त्या कागदावर अर्थच्या रोधाचा रकाना असतो, आणि तो किती वेळा टेस्टर खिशातून न काढता भरला जातो हे या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे. मीटर लावून भरला तरी बऱ्याचदा तो पावसाळ्यानंतर भरला जातो, कारण घरं दिवाळीच्या सुमाराला पूर्ण होतात. तेव्हा जमीन ओली असते.

म्हणून माझ्या हातून झालेल्या घरांना मी दोन आकडे देतो. काम संपताना एक माप, आणि मे महिन्यात परत जाऊन दुसरं. दोन्ही आकडे तारखेसह डीबीच्या, म्हणजे एमसीबींच्या पेटीच्या, दाराच्या आतल्या बाजूला रंगाने लिहितो. मेमधलं माप फार वर गेलं असेल तर खड्डा खोल करतो किंवा दुसरा घेऊन दोन्ही जोडतो. त्याच फेरीत घरातल्या बाईमाणसांकडून आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून घेतो, कारण मी गेल्यावर घरी त्याच असतात. पहिल्यांदा दाबताना त्या बिचकतात, खटका पडून घर अंधारलं की हसतात. मग लीव्हर वर करायला मी त्यांनाच सांगतो. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला हे करा म्हणून सांगून ठेवतो, आणि पुढच्या मेमध्ये गेलो की करताय ना म्हणून विचारतो.